मुलगा फक्त भुताच्या गोष्टी, विज्ञानकथा आणि मांगा वाचतो, काय करू? एका ग्रंथपालाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्याखाली उतरवून दिलेली तुमच्या मुलाची चार वाक्यं मात्र चारदा वाचली.

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नववीत. दीडेक वर्षापासून भयकथा, विज्ञानकथा आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सोडून दुसरं काही हातात धरत नाही. शाळेतून 'अवांतर वाचनाचा दर्जा सुधारावा' असा शेरा आलाय. आजीचं म्हणणं, तिन्हीसांजेनंतर असलं काही वाचू नये. आणि तुम्हाला धास्ती, की या वयात चव बिघडली तर पुढे चांगलं पुस्तक त्याच्या गळी उतरणारच नाही.

आणि त्याची वाक्यं: "धारप भारी, पण समर्थ आले की भीती संपते." "नारळीकरांच्या गोष्टीत मधेच सायन्सचा तास सुरू होतो." "मराठी भुतं जुन्या वाड्यातच का राहतात?" "मांगात पाऊस दिसतो, पुस्तकात नुसतं लिहिलेलं असतं की पाऊस पडत होता."

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात २४ वर्षं ग्रंथपाल आहे. मुलांचा विभाग सुरुवातीपासून माझ्याकडेच. तुम्ही विचारलंय, त्याला यातून बाहेर कसं काढू. ती चार वाक्यं वाचल्यावर मला अडचण दुसरीच दिसते. तुमचा मुलगा वाचलेल्यावर विचार करतोय, त्याची मतं तयार होतायत, आणि ती ऐकून पुढचा प्रश्न विचारणारं माणूस त्याला मिळालेलं नाही. म्हणून ती वहीत पडून आहेत. मतं उडती आहेत, हे खरं. पण उडतं मत हीच वाचकाची पहिली कमाई असते, आणि ती जपायची कशी, एवढंच मला सांगायचंय.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या बोलून घेते. मुलगा झोपतो का नीट? जेवतो का? मित्रांत जातो का? घरात गेल्या वर्षभरात कोणी गेलंय का, मोठं आजारपण, आईवडिलांत ताण असं काही? यातलं काही असेल, तो रात्र रात्र जागा राहत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलत असेल, तर पुस्तकाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. दुःखात असलेलं मूल कधी कधी भयकथेकडे वळतं, पण ते दुःख भयकथेनं दिलेलं नसतं. हे काहीच नसेल, मुलगा खातोय-पितोय, खेळतोय आणि फक्त वाचायला भुतं मागतोय, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आमच्या देवघेवीच्या टेबलावर दोनशे पानी वही असते. मुलं तिला मतवही म्हणतात. पुस्तक परत देताना त्याबद्दल एक ओळ लिहायची, एवढाच नियम. पहिली दोन वर्षं तिच्यात 'छान', 'खूप आवडले' आणि 'बोअर' यापलीकडे काही नव्हतं. मग मी एक प्रश्न विचारायला लागले: कुठल्या पानावर? बोअर झालं ना, मग कुठल्या पानावर झालं? भीती वाटली, कुठल्या पानावर? सातवीतल्या एका मुलीनं धारपांचं पुस्तक परत देताना ठणकावून सांगितलं, "बाई, माका कायच भिती वाटाक नाय." मी पुस्तक चाळलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. म्हटलं, इथे का थांबलीस? तिनं ते पान पुन्हा वाचलं आणि हळूच म्हणाली, इथे तीन दिवस थांबले होते. त्या पानावर भूत नव्हतं. एक बाई माजघरात बसून पाठमोऱ्या नवऱ्याशी बोलत होती आणि नवरा उत्तर देत नव्हता, एवढंच. त्या दिवशी त्या मुलीला कळलं की आपल्याला भुताची भीती वाटत नाही, उत्तर न मिळण्याची वाटते. नंतर ती रत्नाकर मतकरींच्या गूढकथांकडे गेली, कारण तिथे भीती माणसाच्या मनातच घर करून असते. हे मी तिला शिकवलं नाही, पान तिनंच शोधलं.

आता तुमच्या मुलाच्या मतांकडे येते. सगळ्यात मोलाचं मत पहिलं आहे.

"समर्थ आले की भीती संपते." नारायण धारप १९२५ ते २००८. मराठी भयकथेला घराघरांत नेलं ते त्यांनी. त्यांच्या समर्थकथांत अमानवी शक्ती माजते, घर हवालदिल होतं, आणि मग समर्थ येऊन तिचा बंदोबस्त करतात. मुलाला नेमकं तेच खटकलंय, आणि त्याचं निरीक्षण अचूक आहे. आता त्याला विचारा: समर्थ नसते तर तुला ती गोष्ट जास्त आवडली असती का? घाईनं उत्तर देऊ देऊ नका.

आपल्या कोकणातल्या भीतीची बांधणीच अशी आहे, म्हणून हे महत्त्वाचं. आमच्याकडे आरवलीचा वेतोबा आहे. वेताळ म्हणजे भुताखेतांचा राजा, आणि तोच गावाचा राखणदार. लोक त्याला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो त्या घालून गावाच्या सीमेवर फिरतो आणि चपला झिजतात, असं मानतात. ज्याचं भय, त्यालाच गाऱ्हाणं घालायचं. देवचाराचंही तसंच, वाट चुकवणारा तोच आणि वाटेवर आणून सोडणाराही तोच. भीतीबरोबर राखणदार आला नाही, तर आपल्याकडच्या आजीची गोष्ट पुरीच होत नाही. धारप पुण्याचे, पण त्यांचे समर्थ याच घराण्यातले आहेत, असं मला वाटतं.

याच्या उलट टोकाला जपानचे मांगाकार जुंजी इतो. त्यांची 'उझुमाकी' ही भयमांगा १९९८-९९ मध्ये आली. समुद्राकाठच्या एका लहान गावाला सर्पिलाकारानं, म्हणजे गोगलगायीच्या पाठीवर असते तशा वळणानं झपाटलंय. भूत नाही, शाप कोणी दिला ते नाही, नवस नाही, उतारा नाही. कोणी येतच नाही. आमच्याकडच्या एका अकरावीतल्या मुलानं मतवहीत लिहिलं होतं, "या गावाला राखणदार नाही." मराठी आणि जपानी भयकथेतला फरक इतका नेमका मी कुठल्या लेखात वाचलेला नाही. तुमचा मुलगा त्याच्या अगदी जवळ येऊन थांबलाय. त्याला एवढंच सांगा, की तुझ्या लक्षात आलं ते बरोबर आहे, आणि ज्या गोष्टीत कोणी वाचवायला येत नाही अशी एक वाचून दोन्हीची तुलना कर. 'उझुमाकी' मात्र आत्ता देऊ नका. का, ते पुढे सांगते.

दुसरी एक वाट आहे. धारपांनी परदेशी कथांवरून काही कादंबऱ्या बेतल्या. 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' आहे. मुलगा इंग्रजी वाचत असेल तर दहावीच्या सुट्टीत दोन्ही शेजारी ठेवून वाचू दे. तेच संकट अमेरिकेतल्या गावातून आपल्या गावात आणताना लेखकानं काय ठेवलं, काय बदललं, हे शोधण्यात जेवढं वाचन होतं, तेवढं पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात होत नाही.

वाड्याचा प्रश्न. तोही चांगला आहे. भीतीला जागा लागते. आजीला विचारा, ती कधीही नुसतं 'भूत' म्हणणार नाही. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा रानवाटेवर, देवचार सीमेवर. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. पुण्या-मुंबईत वाढलेल्या लेखक-वाचकांना हे पत्ते दिसेनासे झाले, आणि सगळ्यांच्या आठवणीत उरली ती एकच जागा, गावचं बंद घर. म्हणून वाडा. हा माझा अंदाज आहे, पण २४ वर्षं भयकथांची कपाटं लावताना तो पक्का होत गेलाय. तुमच्याकडची आजी आहे, तोवर मुलाला हे पत्ते तिच्याकडून लिहून घ्यायला सांगा. संध्याकाळी वाचू नको म्हणणाऱ्या आजीलाच गोष्ट सांगायला बसवा. शिमग्यात काळ्या कपड्यांतला संकासुर घुंगरं वाजवत अंगणात येतो, तेव्हा त्याच आजीनं नातवाला दारात उभं केलेलं असतं. भ्यायचं, किंचाळायचं, आणि आईच्या पदराआडून पुन्हा बघायचं, हे आपल्या मुलांना नवीन नाही. आमच्याकडे जत्रेत दशावतार रात्रभर चालतो, आणि राक्षसाच्या एंट्रीला सगळ्यात पुढे पोरंच बसलेली असतात.

इथे एका जपानी चित्रकाराबद्दल सांगायलाच हवं. शिगेरू मिझुकी, जन्म १९२२. वाढले साकाइमिनातो नावाच्या बंदराच्या गावात. शेजारची एक म्हातारी त्यांना लहानपणी तिथल्या भुतांच्या, म्हणजे योकाईंच्या गोष्टी सांगायची. छत चाटणारं कोण, पाठीमागून पावलं वाजवणारं कोण, सगळं तिच्याकडून. पुढे महायुद्धात त्यांचा डावा हात गेला. उरलेल्या हातानं त्यांनी आयुष्यभर तीच भुतं काढली, आणि त्या म्हातारीवर 'नोननोनबा' नावाचं पुस्तक केलं. २००७ मध्ये त्याला फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाचा सर्वोत्तम पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. आज त्या गावातल्या रस्त्यावर योकाईंचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. बंदराचं गाव, पाऊस, म्हातारी आणि तिची भुतं. हे पुस्तक मी इथल्या मुलाच्या हातात देते, तेव्हा मला ते परक्या देशातलं वाटत नाही. तुमच्या मुलाला पुढचा मांगा घ्यायचा असेल, तर हा घ्या.

आता नारळीकर. "मधेच सायन्सचा तास सुरू होतो." काही कथांच्या बाबतीत हे खरं आहे आणि ते मान्य करायला हरकत नाही. त्यामागे कारण आहे. मराठी विज्ञानकथा बरीचशी वाढली ती विज्ञानप्रसाराच्या मांडीवर. स्वतः जयंत नारळीकरांनी १९७४ साली पहिली कथा 'कृष्णविवर' पाठवली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला, तीही 'नारायण विनायक जगताप' या नावानं, म्हणजे आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा कृष्णविवर म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकलीच नसती. तुमच्या मुलाला ते यूट्यूबवर आधीच कळलेलं आहे, म्हणून त्याला तो तास वाटतो. लेखकही चुकला नाही आणि मुलगाही चुकला नाही, मधे ५० वर्षं गेली.

मी अशा मुलांना नारळीकरांच्या अंतराळात जाणाऱ्या कथा आधी देत नाही. मुंबईत बर्फ पडण्यापासून सुरू होणारी त्यांची हिमयुगाची कथा देते. ज्वालामुखीची राख वर जाते, ऊन अडतं, आणि दादरला बर्फ. इथल्या मुलानं बर्फ फक्त मासळीच्या पेटीत पाहिलेला असतो, त्यामुळे ही कथा त्याला सोडवत नाही. किंवा 'धूमकेतू' देते. आकाशात शास्त्रज्ञांचं गणित आणि घरात शांतीचा यज्ञ, दोन्ही एकाच वेळी चाललेले. अशी घरं आपल्या ओळखीची आहेत.

आणि ज्वालामुखीवरून आठवलं, मुलाला हे नक्की सांगा. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेनं १८१६ सालचा युरोपातला उन्हाळा गारठून गेला, नुसता पाऊस आणि अंधार. स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठी सुट्टीला आलेली काही तरुण मंडळी घरात अडकून पडली, आणि प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची अशी पैज लागली. त्यांतली मेरी शेली तेव्हा १८ वर्षांची होती. तिच्या गोष्टीतून 'फ्रँकेन्स्टाइन' झाली आणि १८१८ मध्ये छापून आली. पैज भुताच्या गोष्टीची होती, पण तिनं भूत आणलंच नाही. प्रयोगशाळेतला माणूस आणला. म्हणून आज तिला विज्ञानकथेची सुरुवात मानणारे पुष्कळ आहेत. भयकथा आणि विज्ञानकथा एका पावसाळ्यात, एका मुलीच्या हातून, एकाच पुस्तकात आल्या. तुमच्या मुलानं दोन्ही सोबत वाचायला घेतल्या, यात विस्कळीत काहीच नाही.

राहिला मांगा, आणि पाऊस.

आमच्याकडे मांगा आला तो एका गणपतीला. गावी आलेल्या एका चाकरमान्यानं मुलाची जुनी पुस्तकं म्हणून पिशवी आणून दिली. तिसऱ्या दिवशी सहावीतला एक मुलगा धावत आला, "बाई, ह्यां पुस्तक उलटां बांधल्यानी!" मलाही तसंच वाटलं होतं. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, चौकटीसुद्धा उजवीकडून, हे आम्ही दोघं एकत्रच शिकलो. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसून एक अख्खा भाग वाचला, आणि तिथून मांगाकडे बघायची माझी नजर बदलली.

एक पान आजही डोळ्यांपुढे आहे. वर कौलांवर पडणारा पाऊस. खाली पागोळी. त्याखाली रिकाम्या ओसरीवर एक चप्पल, दुसरी नाही. संवाद नाही. मी झरकन पान उलटलं. मुलानं माझा हात धरला, "थांबा बाई, दुसरी चप्पल खंय?" मी अक्षरं नाहीत म्हणून पुढे गेले होते आणि तो ते पान वाचत होता. चित्राच्या रेषेत, चौकटीच्या आकारात आणि रिकाम्या जागेत गोष्ट सांगितलेली असते, ती वाचायला वेळ द्यावा लागतो. धक्का बहुतेक वेळा पान उलटल्यावर येतो. डाव्या पानाच्या तळाच्या चौकटीत कोणीतरी मागे वळून बघतं, आणि काय दिसलं ते उलटल्याशिवाय कळत नाही. जपानीत शांततेलाही आवाजाचा शब्द आहे, 'शीऽन', आणि तो चित्रात मोठ्या अक्षरांत काढतात. हे ऐकल्यावर आमच्या मुलांनी मराठीतले असे शब्द गोळा करायला घेतले. किर्र, सामसूम, चिडीचूप, रिपरिप, भुरभुर, सपासप, धो धो. एका पावसाळ्यात १०० च्या वर झाले, त्यात मालवणी वेगळे. 'मांगामुळे मराठी जाईल का' या तुमच्या काळजीला माझ्याकडे हे उत्तर आहे. जाणार नाही, पण त्यानं वाचलेलं घरी मराठीत सांगितलं पाहिजे. आमच्याकडे येणारा मांगा इंग्रजीतला असतो, म्हणून मतवहीत ओळ मराठीत किंवा मालवणीत, हा नियम मी सोडत नाही.

आता माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगते, म्हणजे तुमच्याकडून त्या व्हायला नकोत.

पहिली जुनी. नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती. एका पालकांनी तक्रार केली आणि मी भयकथांचं अख्खं कपाट मागच्या खोलीत हलवून कुलूप लावलं. एक मुलगा रोज संध्याकाळी यायचा, तो आठवडाभर मोकळ्या फळीपुढे उभा राहून परत गेला आणि मग आलाच नाही. मला वाटलं होतं, भुतं नसली की तो दुसरं काही उचलेल. त्यानं वाचनच सोडलं. तो आता बाजारपेठेत दुकान चालवतो, भेटला की आदरानं बोलतो, आणि प्रत्येक वेळी मला ती फळी आठवते. शाळेचा शेरा आला म्हणून मुलाच्या खोलीतली पुस्तकं उचलू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

दुसरी चूक उलट बाजूची. चित्रं आहेत म्हणजे मुलांचंच, असं धरून मी इतोंचं एक पुस्तक सातवीतल्या मुलाला दिलं. तो चार रात्री झोपला नाही. त्याची आजी वाचनालयात आली, ओरडली नाही, पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "बाये, तू हे वाचलं होतंस?" मी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून न वाचलेला मांगा मी मुलाच्या हातात देत नाही. जपानमध्ये मांगाचे वाचक वयानुसार वेगळे धरलेले आहेत. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलगे, शोजो म्हणजे त्याच वयाच्या मुली, सेइनेन म्हणजे मोठे पुरुष, जोसेइ म्हणजे मोठ्या बायका. सेइनेनमधलं पुष्कळ काही नववीतल्या मुलासाठी नाही. इंग्रजी आवृत्तीच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा वयाचा शिक्का असतो, तो बघा. 'उझुमाकी' थांबवा म्हटलं ते यासाठी. आणि तो फोनवर मांगा वाचत असेल तर एकदा शेजारी बसून बघा. चोरून चढवलेल्या पानांच्या साइटवर वयाचा शिक्का नसतो, बाजूला नको त्या जाहिराती असतात, आणि पाठोपाठ काय उघडेल याचा भरवसा नसतो. मनाई करण्यापेक्षा दोन खरी पुस्तकं आणून देणं जास्त लागू पडतं.

खर्चाचं थोडक्यात. सुरू असलेली लांबलचक मालिका घेऊ नका. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे आणि २०२१ मध्येच तिचे १०० भाग झाले होते. पुऱ्या झालेल्या मालिका बघा. 'डीमन स्लेअर' २३ भागांत संपते, तीही तीन-चार मित्रांनी वाटून घ्यावी. हिरोशिमावरचा 'बेअरफूट गेन' मात्र स्वतःचा असावा. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना त्यांच्या गावावर अणुबॉम्ब पडला, आणि मोठेपणी १९७३ पासून त्यांनी ते चित्रांत सांगायला घेतलं. अवघड आहे, काही पानं फार वेदना देणारी आहेत, म्हणून तुम्ही आणि त्यानं सोबतच वाचा. शाळेला 'दर्जा' दाखवायचाच असेल तर हा दाखवा. ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात काढलेलं बुद्धचरित्रही त्यात धरा. आणि पावसाळ्यात ही पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका. त्यांचा कागद ओल पटकन धरतो, आठवड्यात फुगून बुरशी येते. कपाटात मागे बोटभर जागा सोडा आणि ऊन पडलं की उभी उघडून ठेवा.

'चांगलं पुस्तक' त्याच्यापर्यंत कधी पोहोचेल, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. एक अनुभव सांगते. 'तुंबाड' चित्रपट २०१८ मध्ये आला, त्यानंतर काही महिन्यांनी एक बारावीतला मुलगा "त्या पिक्चरचा पुस्तक" मागायला आला. मी त्याला खरं ते सांगितलं. चित्रपटाच्या मागे धारपांची एक कथा आहे, आणि नाव घेतलंय ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. त्या कादंबरीत खजिना नाही, चित्रपटातला तो राक्षस हस्तर नाही, आपल्याच खेड तालुक्यातल्या एका घराण्याच्या पिढ्या आहेत, आणि दोन जाडजूड खंड आहेत. तरी पहिला खंड त्यानं नेला. परीक्षा झाल्यावर, आंब्याच्या दिवसांत, पेट्या भरण्याच्या कामातून वेळ काढून त्यानं दोन्ही खंड वाचले. मतवहीत लिहिलं, "भूत नाही तरी घर झपाटलेलं आहे." मी त्याला ती कादंबरी सुचवली नव्हती. तो भुताच्या वाटेनं चालत तिच्यापर्यंत आला, आणि मी वाटेत फक्त उभी होते.

तर सध्या एवढं करा. शेऱ्याचं त्याच्यापुढे काही बोलू नका. 'नोननोनबा' किंवा नारळीकरांचा एक कथासंग्रह, दोन्हींतलं तो म्हणेल ते आणा. रोज रात्री दहा मिनिटं त्यानं वाचलेलं तुम्हाला सांगावं, आणि तुम्ही मधे सुधारणा न करता ऐकावं. आणि त्याची परवानगी असेल तर मला त्याचं पहिलं वाक्य आमच्या मतवहीत उतरवून घ्यायचंय. त्यासाठी त्याला एक विचारून कळवा. धारपांच्या त्या पुस्तकात समर्थ आले आणि त्याची भीती संपली, ते नेमकं कुठल्या पानावर?